पाण्याचा मान

पाचव्या नारळाला माझा पाय घसरला.

मी कमरेइतक्या पाण्यात उभी होते. तोंडात कडुलिंबाचा पाला, हात छातीशी, तोंड गावाकडे. माघातलं गार पाणी. पायाखालचा दगड शेवाळलेला होता. तो सरकला आणि मी बुडाले. वर आले तेव्हा पाला पाण्यावर तरंगत होता आणि एक मोठा घोट घशाखाली उतरला होता. ठसका लागला. ठसक्यासरशी तोंडातलं पाणी तळ्यात पडलं.

घाटावरची हलगी थांबली.

"बाटवलं गं बया! पानी बाटवलं हिनं!" पाटलीणबाई ओरडल्या.

माझ्या नाकातोंडात पाणी गेलेलं. जीव गुदमरत होता. घाटावर सगळं गाव उभं होतं. पट्टीचे पोहणारे होते, कुस्तीला आलेले पैलवान होते. एकानंही हात पुढं केला नाही. माझा नवरा धावत आला आणि पहिल्या पायरीपाशी थबकला. त्या पायऱ्यांवर आम्हाला पाय ठेवायची मुभा नव्हती. बायको बुडत होती आणि हा माणूस दगडाच्या पायरीला भ्याला. मग तो बाजूच्या चिखलातून वळसा घालून आला. तोवर मी माझी मीच उभी राहिले होते.

याला आमचा मान म्हणायचे. खरंच, मानच म्हणायचे.

आमचं गाव तळ्याकाठचं. तळं काही देवानं केलेलं नाही. सरकारनं दुष्काळात बांधलं. माझ्या आजेसासऱ्यांनी त्या बांधाचे दगड डोक्यावरून वाहिले. बांध झाला, तळं भरलं, गावानं घाट बांधला, आणि त्याच दिवसापासून महारवाड्याला घाट बंद. आमचं पाणी बांधाखाली, मोरीतून गळून ज्या चरात साचायचं तिथलं. त्याच चरात गावाच्या म्हशी बसायच्या. म्हशी उठल्या की आम्ही घागरी भरायच्या.

तळ्यात साती आसरा राहतात आणि त्यांना दरसाल एक माणूस लागतो, अशी गावाची समजूत. माघी पुनवेला आसरांची जत्रा भरायची. पाटलीणबाईंनी पाण्याची ओटी भरायची, पालखीला पाणी दाखवायचं, मग कुस्त्या. पण त्याआधी महारवाड्यातल्या एका ठरलेल्या घरातल्या बाईनं पाण्यात उतरायचं. सात आसरांचे सात नारळ फुटेपर्यंत तिनं हलायचं नाही. आसरांना न्यायचीच झाली तर हिला न्यावी. हिला नेली नाही म्हणजे आसरा खूश, म्हणजे पाटलीणबाईंना ओटी भरायला धोका नाही. आणि तोंडात पाला कशाला, तर हिची थुंकी पाण्यात पडू नये म्हणून. अंगानं पाणी त्या दिवसापुरतं बाटायचं नाही, थुंकीनं मात्र बाटायचं. बळीच्या बोकडाच्या तोंडात तरी कुणी पाला कोंबत नाही, तो आपला मोकळेपणी ओरडतो.

ते ठरलेलं घर आमचं. माझ्या सासूनं, आत्याबाईनं, वीस वर्षं हे केलं. मग तिचे गुडघे धरले आणि मान माझ्याकडे आला. देताना म्हातारीचे डोळे भरून आले होते.

"आपल्याबिगार जत्रा हुत न्हाई, सूनबाई," ती म्हणाली. "गावाचं पानी आपन उघडतो."

तिला ते खरं वाटायचं. मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची. पाण्यातून बाहेर आलं की पाटलीणबाई वरच्या पायरीवरून एक जुनेर लुगडं खाली टाकायच्या. कधी अंगावर पडायचं, कधी चिखलात. लढाईचे दिवस होते. कापड रेशनवर, आणि ते रेशन महारवाड्यापर्यंत कधी पोचायचंच नाही. लुगड्याला दंड घालून, तुकडे जोडून जोडून मूळचं कापड कुठलं ते कळत नव्हतं. अशा दिवसांत चिखलातलं लुगडंसुद्धा माणूस उचलतं. मीही पहिल्या वर्षी उचललं होतं.

माझं माहेर बेलापूरकडचं, पाटाच्या कडेचं. पाटाचं पाणी वाहतं असतं. कोण कुठं वाकलं हे बघायला तिथं कुणी बसलेलं नसायचं. लहानपणी मी ओंजळीनं प्यायले. म्हणून सासरचं हे पाणी मला सुरुवातीपासूनच खुपायचं. पण नव्या सुनेनं बोलायचं कुणापाशी?

तर त्या दिवशी पाणी बाटलं. गुरवानं तांब्याभर गोमूत्र आणलं आणि तळ्यात ओतलं. कोसभर लांब तळं, एक तांब्या गोमूत्र. झालं शुद्ध! त्याच पाण्यात पलीकडच्या अंगाला पाटलांचा गडी बैल धूत होता, त्याचं कुणाला काही नव्हतं. पाटलांनी मला घाटाखालच्या मातीत नाक घासायला लावलं. पायरीला नाही. पायरी बाटली असती. एकवीस वेळा घासलं. शेजारी नवराही वाकला होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी.

पाटलीणबाई वरून म्हणाल्या, "नुसतं हुबं ऱ्हायचं, तेबी जमत न्हाई व्हय गं तुला?"

बायका हसल्या. नाकाची साल गेली होती, तिथं माती झोंबत होती. ते हसणं त्याहून झोंबलं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली. "अवं, तळ्याचं पानी गोड हाय."

"गप," तो म्हणाला.

"लई गोड हाय. आपन पितो ते पानीच न्हाई."

"गप म्हनलं ना."

मी गप बसले. पण तो घोट घशातून जाईना. भाकरी थापताना आठवायचा, चरातली घागर उचलताना आठवायचा. आमच्या माणसांनी दगड वाहून अडवलेलं पाणी, आणि त्याची चव मला बुडता बुडता कळली. ती पण चुकून. या गोष्टीचा मला संताप येई, इतका की घागर आपटून फोडावीशी वाटे. फोडली असती तर दुसरी कुठून आणणार होते?

मधे नवरा नगरला आमच्या लोकांच्या एका सभेला जाऊन आला. आठ दिवस तो वेगळाच होता, ताठ चालायचा. "गावकीची कामं सोडा म्हनत्यात," त्यानं सांगितलं. मी म्हटलं, मग सोडू या. तो म्हणाला, "सोडून खायाचं काय? बलुतं बंद झालं की चूल बंद." तोही खोटं बोलत नव्हता. आमच्याकडे बोटभर जमीन नव्हती. गावाच्या भाकरीवर पोट, गावाच्या चराचं पाणी, गावाच्या जागेत झोपडी. कुठल्याही बाजूनं बघा, गावच आडवं.

पुढचा माघ आला. जत्रेच्या चार दिवस आधी मी जळण घेऊन घरी आले. अंगणात माझी पाच वर्षांची हिरा उभी होती. हात छातीशी बांधलेले. तोंडात कडुलिंबाचा पाला. आत्याबाई समोर बसून दगडावर खडे फोडत होती आणि मोजत होती.

"चार... हलायचं न्हाई गं माझे बाई... पाच..."

मला बघून म्हातारी कौतुकानं हसली. "बघ की, कशी शिकतीया."

जळण टाकून मी हिराच्या थोबाडीत मारली. कधी मारलं नव्हतं. पोर रडायलाही विसरली. मी तिच्या तोंडात बोट घालून पाल्याचं पान न पान काढलं. कडवट लाळ माझ्या हाताला लागली. तिच्या जिभेला त्या कडूची सवय झाली होती, तिनं तोंडसुद्धा वाकडं केलं नव्हतं. हे कितीदा खेळून झालं होतं कोण जाणे!

माघी पुनवेला मी निघाले ती मात्र पाण्यात उतरायलाच. खोटं कशाला सांगू? माझ्या अंगात धमक नव्हती. पाला पदरात बांधला, नवऱ्यामागून चिखलातून पाण्यापर्यंत गेले. हलगी वाजायला लागली. गुरवानं पहिला नारळ हातात घेतला. मी पाण्यात एक पाय टाकला, आणि तो पाय मीच मागं घेतला.

गुरव ओरडला, "उतर की गं!"

"मी जायची न्हाई."

हलगीवाल्याला ऐकू गेलं नाही, तो वाजवतच राहिला. मी पुन्हा मोठ्यानं म्हटलं. मग हलगी थांबली.

पाटील दोन पायऱ्या खाली आले. "काय म्हनली?"

"मी पान्यात जायची न्हाई. न्हेऊ द्या आसरांना, कुनाला न्ह्यायचं त्येला."

नवऱ्यानं हात जोडले. "चुकली मायबाप, डोकं फिरलंय तिचं," असं काहीतरी तो म्हणत होता. मी हलले नाही. आणि मग मला दिसलं. पालखी खांद्यावर घेऊन भोई तसेच उभे. खण-नारळाचं ताट घेऊन पाटलीणबाई तशाच उभ्या. पैलवान लंगोट कसून उन्हात उभे. लांबच्या गावांतून आलेली माणसं बांधावर बसून वाट बघत होती. दुपार कलायला लागली तरी कुणी एक पाऊल पुढं टाकेना. एवढे सगळे मर्द, आणि पहिला पाय पाण्यात घालायची एकाची छाती नाही. यांची सगळी जत्रा आमच्या ओल्या लुगड्यावर चालायची आणि वर आम्हालाच मान दिल्याचा उपकार! त्या क्षणी मला कुणाचीही भीती वाटली नाही. खरं सांगते, हसू आलं.

ते हसू फार टिकलं नाही.

माझ्या बाजूनं कुणीतरी सरकलं. आत्याबाई. कधी आली, कशी आली, ते धरलेले गुडघे घेऊन त्या चिखलातून कशी उतरली, मला कळलंच नाही. तिनं माझ्या पदराची गाठ सोडली, पाला काढून स्वतःच्या तोंडात भरला. मी तिचा दंड धरला. तिनं तो झटकला. तोंडात पाला असल्यानं ती बोलली नाही, पण डोळ्यांनी मला जे म्हणायचं ते म्हणाली. घराला बुडवायला निघालीस.

ती पाण्यात गेली. हलगी वाजली. नारळ फुटायला लागले. म्हातारी थडथडत होती, हात छातीशी राहत नव्हते. सातवा फुटला तसा लोकांनी जयजयकार केला. पाटलीणबाईंनी ओटी भरली. माझा नकार त्यांनी एका म्हातारीवर भागवून टाकला आणि कुस्त्यांना निघून गेले. मी तिथंच चिखलात उभी होते. इतकं हरल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

त्या रात्रीपासून आत्याबाईला ताप. तिसऱ्या दिवशी सकाळी पाटलांच्या हाताखालचा चौगुला आला. अंगणाबाहेर उभा राहून बोलला.

"पाटलांनी सांगितलंय, झालं गेलं सोडून दिलं. पन म्हातारीला आता झेपायचं न्हाई. पुढल्या साली तुमची पोरगी उतरवा. बारकी हाय, तर गुडघाभर पान्यात हुबी करू."

घरातून आत्याबाईचा आवाज आला. "व्हय म्हन गं. मान जाईल."

मी अंगणाच्या कडेला गेले.

"माझी पोरगी उतरायची न्हाई," मी म्हटलं. "मी न्हाई, ही म्हातारी न्हाई. आसरांना मानूस पायजे असंल तर पाटलाच्या वाड्यात लई मानसं हाईत. त्यातलं एक उतरवा म्हनावं."

"बलुतं बंद हुईल."

"हुंदे."

संध्याकाळपासून आमची भाकरी बंद झाली. दुसऱ्या दिवशी नवरा कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडायला परगावी गेला. माहेरी भावाकडे निघून जावं, असं मला वाटलं. हिराला कडेवर घेतलं की संपलं. पण मी गेले असते तर पुढच्या माघात त्यांनी शेजारचं घर धरलं असतं. त्या घराला मान दिला असता, आणि त्या घरानं तो आनंदानं घेतला असता, जसा आम्ही घेतला होता.

महारवाड्यात सोळा घरं होती. आत्याबाईला पेज पाजली, हिराचा हात धरला आणि मी पहिलं शेजारच्या दारात गेले. ती बाई जात्यावर बसली होती. माझ्याकडे बघून तिनं मान फिरवली. मी उंबऱ्यातच बसले.

"पुढच्या माघात तुला बोलवत्याल," मी म्हटलं. "जायचं न्हाई. जायचंच असंल तर आदी मला बुडव, मग जा."