माहितीदार क्रमांक चार

खालापूरजवळच्या आमच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या निवडक मुलांसाठी एक ऑनर्स अभ्यासक्रम होता. त्यात इतिहास, पर्यावरण आणि अर्थशास्त्र एकत्र शिकायचं. एकत्र म्हणजे तीन प्राध्यापक एकाच वर्गात बसत आणि एकमेकांचं ऐकून घेत नसत. मला तिथे फीमाफीसकट जागा मिळाली होती. ती टिकवायची तर दुसऱ्या सत्रातल्या गावपाहणीत चांगली श्रेणी हवी होती. पाहणीचा नियम कडक होता: माहिती देणारा माणूस नात्यातला निघाला की पाहणी बाद.

इतिहासाच्या सरांनी नकाशावर बोट ठेवून गाव निवडलं. कळंबच्या पुढचं, नेमकं आमचंच. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वर्गात मी ‘आम्ही कर्जतचे’ असं सांगून बसले होते, जणू तिथल्या दहिवली भागात आमचा फ्लॅटच होता. मग आईला फोन केला आणि म्हटलं, ओळख दाखवू नकोस.

गावात उतरताच धूर दिसला आणि सगळे तिकडे धावले. शेत आमचं होतं. आई राब भाजत होती, म्हणजे भाताचं रोप करायच्या जागेवर पाला पसरून जाळत होती. पर्यावरणाच्या मॅडमनी नाकाला रुमाल लावून प्रदूषणावर बोलायला सुरुवात केली. अर्थशास्त्राच्या सरांनी झाडाचा पाला बाजारातून का आणत नाही, असं विचारलं. इतिहासाचे सर आदल्या दिवशी कर्जतजवळची कोंडाण्याची बौद्ध लेणी पाहून आले होते, त्यामुळे त्यांना सगळंच प्राचीन वाटत होतं. ही अग्निपूजा किती जुनी, असं त्यांनी आईला विचारलं.

“पूजा नाय वं. राब भाजला का तण मरतं, मंग भाताचं रोप चांगलं येतं.”

सरांनी वहीत लिहिलं: समाजाला मूळ अर्थाचा विसर.

मला इथली बोली येते म्हणून तक्ता भरायचं काम माझ्याकडे आलं. माहितीदाराच्या नावाऐवजी क्रमांक टाकायचा होता, आईचा चार; म्हणून आडनावावरून पकडली गेले नाही. “इचारा ताई, तुमाला काय इचारायचंय ते,” आई म्हणाली. तिने मला आयुष्यात कधी ‘तुमी’ म्हटलं नव्हतं. वय विचारलं, शिक्षण विचारलं. मग रकाना आला, मुलं किती.

आई काठीने पाला सारत म्हणाली, “एक. पोरगा हाय.”

मी ‘एक’ लिहिलं. अक्षरही सुरेख आलं. इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

श्रेणी सर्वोत्तम मिळाली. ‘तटस्थता वाखाणण्यासारखी’ असा तिघांनी मिळून शेरा दिला. तिघांचं एकमत झालेली ती वर्षातली एकमेव गोष्ट.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला जरा रागानेच विचारलं, एकच का सांगितलंस?

“पोरगी हाय म्हनले असते तर त्यांनी फुडं इचारलं असतं, काय करते, कुटं शिकते,” आई म्हणाली. “मंग मला गप बसता आलं नसतं गं.”