सातबाऱ्यावरचा शब्द

अंबरनाथच्या एका लहान रसायन कारखान्यात मी कागदपत्रं सांभाळते. पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या व्याख्या मी वहीच्या पहिल्याच पानावर उतरवून ठेवल्या आहेत, कारण भांडण शेवटी व्याख्येवरच येतं. प्रदूषक म्हणजे हानिकारक ठरू शकेल इतक्या प्रमाणात असलेला पदार्थ. आमच्या शेठना यातलं ‘इतक्या प्रमाणात’ फार आवडायचं. हाताळणीत नुसतं साठवून ठेवणंही येतं, हे आवडायचं नाही. आणि भोगवटादार म्हणजे कारखान्याचा कारभार ज्याच्या हाती तो. पदार्थाच्या बाबतीत, तो पदार्थ ज्याच्या ताब्यात आहे तोसुद्धा.

तपासणी येणार असं कळलं, तेव्हा आवारात गाळाची पिंपं उभी होती. आमच्या कँटीनमध्ये भांडी घासायला वांगणीकडच्या पाड्यावरून एक विधवा बाई यायची. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर आपलं नाव लागावं म्हणून तिने तलाठ्याकडे कित्येक वर्षं चकरा मारल्या होत्या. दिराची हरकत होती. अखेर नाव लागलं. तो उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने सगळ्या कँटीनला दाखवला. ‘भोगवटादार’वर बोट ठेवून ती म्हणाली, “ही मी.”

“आली जमीनदारीण,” आचारी म्हणाला. “आता ती कढई घास.”

शेठही कँटीनमध्ये होते; पिंपं हलवायला तिची पडीक जागा त्यांना तिथेच सुचली. “कागद असा कर की पिंपं तिची,” ते मला म्हणाले. मी केला.

सही करण्याआधी तिने कागद निरखून पाहिला. “ताई, यो तोच शब्द ना? सातबाऱ्यावरचा?”

“तोच.”

“आणि पिंपं मग मीच ठेवू? रिकामी झाली की पाण्याला व्हतील.”

“ठेवा की, मावशी. कागदात तेच लिहिलंय.”

मी एक अक्षरही खोटं बोलले नाही. तिने सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. नाव तिला नीट लिहिता यायचं. त्या उताऱ्यासाठीच शिकली होती.

पावसाळ्यात तिच्या पडीक जागेत नेऊन ठेवलेली पिंपं गंजून फुटली. गाळ दिराच्या शेतात उतरला आणि त्यानेच तक्रार केली. अधिकारी पाड्यावर गेले, तेव्हा या बाईने स्वतःहून पिशवी उघडली, उतारा दाखवला आणि भोगवटादार मीच म्हणून सांगितलं. नोटीस तिच्या नावाने निघाली.

नोटीस घेऊन ती कारखान्याच्या फाटकाशी आली. वॉचमनने मला बोलावलं.

“ताई, पिंपं तुमची. तुम्हाला ठाव हाय.”

“ताब्यात कोणाच्या आहेत?”

तिने पिशवीतून उतारा काढून माझ्यापुढे धरला. “माझं नाव काढून टाका यातून. दिराचं लावा. मना नको.”

मी वहीचं पान फाडून यादी करून दिली: अर्ज, नोटीस, ओळखपत्र, दिराची संमती. तलाठ्याकडे कुठल्या खिडकीवर जायचं तेही लिहिलं.

“ती खिडकी मना ठाव हाय,” ती म्हणाली. यादी पिशवीत घालून स्टेशनकडे निघाली.

उताऱ्यावरून नाव काढलं तरी पिंपं तिच्याच ताब्यात राहणार होती. ते मी यादीत लिहिलं नाही. तिने विचारलं नव्हतं.