गाऱ्हाण्यात सापडलेली पोटदुखी

मी तापट आहे. रत्नागिरीच्या प्राथमिक शाळेत वीस वर्षं शिकवून कोण शांत राहिलंय ते मला दाखवा. त्यात माझ्या तिसरीच्या वर्गात एक स्वमग्न मुलगी होती. ऑटिझम म्हणतात ते. बोलायची कमी, पण खोटं एक अक्षर नाही. एकदा ती उंबऱ्याबाहेर असताना मी हजेरीत तिचं नाव पुकारलं, तर म्हणाली, "नाही." मग पाऊल आत टाकलं आणि म्हणाली, "हजर." तेराचा पाढा मात्र घडाघडा म्हणायची. तेरा आठेला मी स्वतः चाचपडते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर हे सगळं बिघडलं. ती बाकावर पालथी पडायला लागली, बाकाच्या कडेवर पोट दाबून. उठवलं की किंचाळायची, स्वतःच्या हाताला चावायची. पाढे गेले, अक्षरं गेली, बोलणं तर बंदच. मी नुकतंच एक प्रशिक्षण घेऊन आले होते, त्यामुळे अंगात शहाणपण मावत नव्हतं. भिंतीवर तक्ता लावला. नीट बसली की एक चांदणी, पालथी पडली की लावलेली काढायची. थोड्याच दिवसांत तक्त्यावर नुसते डिंकाचे डाग उरले. "नाटकं पुरे हं तुझी!" मी रोज ओरडायचे.

शेवटी मुख्याध्यापकांनी तिच्या आईला बोलावलं. "सोमवारपासून हिला घरीच ठेवा. बाकीच्या पोरांचं नुकसान होतंय." आई पदर बोटाला गुंडाळत राहिली. घरी बसवलेली अशी मुलगी परत शाळेत येत नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "सर, शनिवारपर्यंत तरी थांबा." शनिवारपर्यंत मी काय दिवे लावणार होते, देव जाणे.

देवाचं खातं आमच्या शिपाईमामांकडे. मामा लांज्याकडचे. त्यांच्या गावात म्हैस हरवली तरी आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून जोर लावायचा. मी त्यांना बजावलं होतं, शाळेत असली थेरं चालणार नाहीत. शनिवारी सकाळी येऊन बघते तर मामा आवारातल्या आंब्याखाली नारळ घेऊन उभे, आणि माझा अख्खा वर्ग मागे हात जोडून. तीही होती, आईला धरून, पुढे वाकलेली. मी तणतणत त्यांच्याकडे निघाले.

"बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या पोरीला कुनाची दीठ लागली आसंल, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरांनी शाळा दणाणून सोडली. ती गप्प.

"वाटंत काय वलांडलं आसंल, तं माफ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ती गप्पच.

"डोकं दुखत आसंल, पोट दुखत आसंल, तं बरं कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांचं म्हणून झालं आणि मागाहून एक घोगरा आवाज आला, "व्हय म्हाराजा." तिचा. कित्येक दिवसांनी!

"मामा, थांबा! परत म्हणा."

"मधीच परत म्हनत नाय, बाई. देव घोटाळतो."

"देवाचं मी बघते! एकेक अवयव घ्या. आणि पोरांनो, तोंडाला कुलूप!"

मामांनी नाइलाजाने डोकं घेतलं. चिडीचूप. दात. चिडीचूप. कान. काही नाही. पोट म्हणताच ती ओरडली, "व्हय म्हाराजा!" आणि दोन्ही हातांनी तिने पोट गच्च धरलं.

तशीच रिक्षा करून डॉक्टरांकडे नेली. मी बाकाचं आणि माझ्या ओरडण्याचं सांगितलं. त्यांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, "बद्धकोष्ठ आहे, चांगलं मुरलेलं. बाकाच्या कडेवर पोट दाबलं की जरा बरं वाटत असणार हिला."

"पण ती रोज जाते हो," आई म्हणाली. "जाऊन आलीस का विचारलं की मान हलवते."

"जाऊन येतेच की. झालं का, ते विचारलंत?"

आईने कपाळाला हात लावला. डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता मला म्हणाले, "अशा मुलांचं वागणं एकाएकी बदललं तर आधी तपासून घ्यावं, बाई. ओरडायला नंतर वेळ असतोच." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पोट दुखतं म्हणून मी त्या लेकराला शिक्षा करत होते!

ती चिठ्ठी मी सरांच्या टेबलावर आपटली. सोमवारचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

औषध, पाणी, ठरल्या वेळेला निवांत बसणं, असं करत काही आठवड्यांनी ती बाकावर ताठ बसली आणि तेराचा पाढा म्हणाली. मी सगळ्या वर्गासमोर हात जोडले. "बा देवा म्हाराजा, हिचं पोट दुखत असताना बाई उगाच ओरडल्या, हिच्या चांदण्या काढल्या, ते माफ कर रे म्हाराजा!"

वर्ग गप्प. बाईंची चूक मोठ्याने कबूल करायची कुणाची छाती?

तिने जरा विचार केला. "व्हय म्हाराजा," म्हणाली, आणि उठून तक्त्यापाशी गेली. मी एक चांदणी लावली. ती हलली नाही. दुसरी लावली, तिसरी लावली, तरी तिथेच. अकरावी लागल्यावर जागेवर जाऊन बसली.

किती काढल्या होत्या, ते मी केव्हाच विसरले होते.