ओवीचे चार स्वेटर आणि धाकटी जाऊ

धाकट्या जावेवर मी जळते. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे, तेव्हा लपवण्यात काही अर्थ नाही.

ती सुरतेची. आमच्या म्हसावदला येते ती गाडीत लेकासाठी वेगळी खुर्ची बसवून! पट्टे आवळून बसलेला तिचा हित दिसला, की सासूबाई ओट्यावरूनच सुरू, "देख व, धाकलीना पोऱ्या कसा राजासारखा बठेल शे!" (आमची अडीच वर्षांची ओवी तोवर माझ्या मांडीवर बसून खिडकीची काच चाटायची.) शेवटी हट्टाने मीही तशी खुर्ची आणवली. रंग मुद्दाम तिच्यापेक्षा भडक!

त्या हिवाळ्यात भल्या सकाळी सारंगखेड्याला आतेसासूबाईंकडे निघायचं होतं. आमच्यात ज्याने लेकराला लोकरीचं काही दिलं, त्याच्या दारी ते घालूनच जायचं. नाहीतर वर्षभर ऐकून घ्यायचं. आतेसासूबाईंचा एक स्वेटर, त्यांच्या तिघी सुनांचे तीन. वरून माझ्या भावाने दिलेलं जाडजूड जॅकेट, कारण माझं माहेर धाकटीला दिसायला नको का? जॅकेटची चेन काही केल्या लागेना. वर कुंची. ओवीचे हात खालीच येईनात.

"हाई पोर शे का गाठोडं?" नवऱ्याने विचारलं.

खुर्चीचा पट्टाही लागेना. मी तो होता तेवढा सैल सोडला, गुडघा टेकवून दाबला. खट्! लागला एकदाचा.

धाकटीच्या गाडीत डोकावले, तर हितच्या अंगात एकच पातळ स्वेटर. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात ती आमच्या गाडीपाशी आली.

"ताई, जॅकेट काढी टाका. पट्टा अंगले लागाले पाहिजे. आवळा, मंग वरथून गोधडी टाका."

"मन्ही पोर शे. मी देखसू!"

ती आपल्या गाडीकडे परत गेली. सासूबाईंनी (त्या अर्थातच धाकटीच्या गाडीत!) हितच्या पायांवर गोधडी खोचली. ओवीसाठी शिवलेली गोधडी! मी पुढच्या सीटवर बसून दार जोरात आपटलं.

शहाद्याच्या पुढे, सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला निघालेला एक घोडा अचानक रस्त्यात आडवा आला. नवऱ्याने करकचून ब्रेक मारला. मागे धप्प झालं. मी वळून पाहिलं. खुर्चीत जॅकेट बसलं होतं. पट्टा लावलेला, बाह्या पसरलेल्या, वर कुंची. आत कुणीच नाही!

"आव माय! पोर कोठे गई?" मी ओरडले.

"आई, घोडा!" खालून आवाज आला. सैल पट्ट्यातून, जॅकेटमधून सटकून ओवी पायाशी पडली होती आणि तिथूनच घोडा बघायला धडपडत होती. लागलं काहीच नव्हतं. मी दार उघडायला गेले, तर दरवेळी काचेचं बटणच दाबलं जाई.

मागची गाडी थांबवून धाकटी धावत आली. तिने ओवीला उचललं, डोकं, हात, पाय चाचपले. एक टोमणा मारला असता, तर मला भांडता तरी आलं असतं. तिने तीन स्वेटर उतरवले, ओवीला बसवून पट्टा आवळला आणि खांद्यापाशी चिमटीत धरून पाहिला. "देखा ताई, चिमटीमा येत नही. आते बरोबर." मग आपल्या गाडीतली गोधडी आणून ओवीवर पांघरली. दोन मिनिटांत पोर गाढ झोपली.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. निम्मं भीतीने, निम्मं धाकटी शहाणी निघाली म्हणून.

आता भाऊबंदांत कुणीही लेकरू गाडीत बसवलं, की मी आधी जॅकेट उतरवते, पट्टा चिमटीत धरून पाहते, वरून पांघरूण घालते. बायका विचारतात, "इतलं कोनी शिकाडं व तुले?" मी म्हणते, "शिकनू आपली." धाकटीचं नाव सांगायला माझी काही हरकत नाही हो, पण मग सगळ्या विचारायला तिलाच फोन लावतील!