भादव्यात साफ, शिमग्यात नाही

म्हाळसाबाईनं कशाला नाक मुरडल्याचं मी कधी बघितलं नाही. सुप्याच्या बाजूची बाई. मेंढरं होती तोवर राखली, ती विकल्यावर बारामतीत आमच्या दवाखान्यात मावशी म्हणून लागली. "मेंढरू बोलत न्हाय, दत्तोबा. लेंडी बघितली की दुखणं कळतं," म्हणायची. पेशंटांकडंही ती त्याच नजरेनं बघायची.

साल शहाण्णव. पुण्याचे एक डॉक्टर पंधरा दिवसांनी गुरुवारी दुर्बीण घेऊन यायचे आणि मोठं आतडं तपासायचे. त्याआधी आतडं धुऊन निघालं पाहिजे, नाहीतर दुर्बिणीला घाणीशिवाय काही दिसत नाही. म्हणून आदल्या दिवशी दुपारी तीनपासून पावडर कालवलेलं दोन लिटर पाणी प्यायचं आणि नुसतं पिवळसर पाणी पडेपर्यंत सारखं जाऊन यायचं. हे समजावून सांगायचं काम माझं, कंपाउंडरचं. आतडं घाण निघालं की बोलणी खायचं कामही माझंच! घरी बायकोची, सारजाची, रोजची डोकेदुखी आणि इथं ही. मग मी पेशंटवर खेकसायचो.

कौसल्याबाईवर दोनदा खेकसलो. सोमेश्वरनगरकडच्या वस्तीवरची, चाळिशीची बाई. शौचातून रक्त जाऊन जाऊन पांढरीफटक पडली होती. जानेवारीत आतडं घाण, फेब्रुवारीतही घाण. डॉक्टर म्हणाले, "आत गाठ असली तर उशीर परवडणार नाही. मार्चमध्ये शेवटचं बघू." तिचा नवरा, संभाजीराव, बाहेर येऊन मला म्हणाला, "त्या खेपंलाबी न्हाय झालं तर ऱ्हाऊ द्या. हेलपाटं किती घालायचं?"

"सगळं औषध प्यालात का?" मी त्याच्यादेखतच बाईवर गरजलो.

"व्हय," ती खाली बघून म्हणाली.

"मग काय भानामती झाली?"

म्हाळसाबाई फरशी पुसत ऐकत होती. ती दोघं गेल्यावर मला म्हणाली, "दत्तोबा, बायकांची आतडी भादव्यात साफ निघत्यात आन् शिमग्यात घाण. बाप्यांचं तसं न्हाय. आसं का?"

"मावशी, डोकं खाऊ नकोस."

पण किडा वळवळायला लागलाच. दोन वर्षांचे जुने केसपेपर काढून बघितले, तर बाईचं म्हणणं खरं! मी म्हटलं, पावसाळ्याच्या पाण्याचा गुण असेल. ती हसली. "बाप्ये काय दुसरं पानी पित्यात व्हय?"

रविवारी ती एसटीनं थेट कौसल्याबाईच्या वस्तीवर गेली. सोमवारी दवाखान्याच्या पायरीवरूनच ओरडली, "ऊस तुटलाय, दत्तोबा!"

"मग? मी काय करू?"

"आरं, भादव्यात घराच्या तिन्ही अंगाला ऊस उभा. बाई कवाबी आत शिरती. आता कुठं आडोसा न्हाय, आन् रानात तोडणीच्या टोळीची मानसं, ट्रॅक्टर. तिसऱ्या गिलासाला कळ आली तिला. भर दिवसा जाणार कुठं? दात आवळून बसली आन् उरलेलं गोठ्यात ओतलं. आन् तू नवऱ्याम्होरं इचारतोस, सगळं प्यालात का!"

मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू? दोन वर्षं मी बायकांना किती प्यायचं ते सांगत होतो. जाणार कुठं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

कौसल्याबाईला एक दिवस आधीच आणायचं ठरलं. "धारा कोण काढंल?" संभाजीरावानं विचारलं. "तुमी!" म्हाळसाबाईनं सांगितलं आणि विषय संपवला.

मार्चमधल्या बुधवारी दुपारी दवाखान्याच्या संडासाबाहेर म्हाळसाबाई पाट टाकून बसली, शेजारी औषधाची कळशी.

"आता कसं हाय गं?"

"गढूळ," आतून आवाज.

"ये भाईर. घे आनखी एक गिलास."

सहाच्या सुमाराला कौसल्याबाई आतून हसतच ओरडली, "मावशे, निव्वळ पानी!" तरी म्हाळसाबाई स्वतः आत जाऊन बघून आली.

गुरुवारी डॉक्टरांना अख्खं आतडं लख्ख दिसलं. हरभऱ्याएवढी देठाची गाठ होती, ती त्यांनी तारेच्या फासानं तिथंच काढली. पुढच्या खेपेला रिपोर्ट आला, गाठ साधी होती. कौसल्याबाई म्हाळसाबाईच्या गळ्यात पडून रडली. माझेही डोळे भरून आले.

"औषध बदललं का?" निघताना डॉक्टरांनी मला विचारलं.

"जागा बदलली, साहेब."

त्या दिवशी इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या गावी घरी गेलो. दिवस मावळायचा होता. सारजा नेहमीसारखी डोकं धरून बसली होती. अठरा वर्षं मी ऐटीत गोळी काढून देतोय. आज गोळी हातातच राहिली. आमच्याही घरी संडास नव्हता, आणि दारासमोरचा ऊस तुटून गेला होता.

"सारजा, तू दुपारनंतर पाणी पितेस का गं?"

तिनं डोक्यावरचा हात काढला.

"न्हाय," ती म्हणाली. "आता इचारताय व्हय?"