मशाता खाला कादंबरी ऐकतात

माणसांवर लिहायचं तर लिहिणाऱ्याने बरंच वाचलेलं असावं. आमच्या घरातून कॉलेजात पाय ठेवणारा मी पहिलाच, त्यामुळे हे लिहिणं आगाऊपणाचं वाटलं तर माफ करावं. पण मशाता खाला जशी कादंबरी ऐकत, तसं ऐकणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही, म्हणून धीर करतो.

मशाता म्हणजे लग्नं जुळवणारी बाई, आणि खाला म्हणजे मावशी. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी मी पिशोरहून औरंगाबादला शिकायला आलो आणि खालांच्या घरातल्या पुढच्या खोलीत भाड्याने राहिलो. त्यांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं. मराठी झकास बोलत, वाचता मात्र येत नसे. एकदा मी वाचनालयातली एक हलकीफुलकी प्रेमाची कादंबरी हातात पेन्सिल घेऊन वाचत होतो. पुस्तक म्हणजे अभ्यास, एवढंच मला माहीत.

"इम्तिहान है क्या?" खालांनी दारातून विचारलं.

"नाही खाला, गमतीची गोष्ट आहे."

"मग तोंड असं का केलंस? मोठ्यानं वाच."

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या अडकित्त्याने सुपारी कातरत ऐकायला बसत. कादंबरीतला नायक नायिकेच्या घरी सतार शिकवायला जातो आणि त्याला सतारच येत नाही. खाला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. पुस्तक वाचताना मोठ्याने हसायचं असतं, हे मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

पण हसणं थांबलं की चौकशी सुरू होई. "पोराचा मामा काय करतो?"

"ते लिहिलेलं नाही."

"बहिणी किती?"

"तेही नाही."

"या अल्ला! लिहिणाऱ्यानं स्थळाची माहितीच काढली नाय?" दुसऱ्या दिवशी त्याच सांगत, "मामाचा कापसाचा धंदा असणार. त्याशिवाय भाचा एवढा निवांत हिंडत नाय." मग मलाही तो मामा दिसू लागे.

सगळ्यात जास्त कुतूहल त्यांना एकाच गोष्टीचं होतं. "मधी कुणीच नव्हतं? मग पहिलं कोण बोललं?" ते पान त्या पुन्हा पुन्हा वाचायला लावत. जन्मभर लग्नं जुळवली, पण दोन माणसं आपली आपण कशी जुळतात हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

आतल्या खोलीत त्यांची भाची शमीम भरतकाम करत ऐकायची. आईबाप नव्हते, खालांनीच वाढवलेली. ती शाळेत शिकवायची. त्याच शाळेतल्या, मूळच्या सिल्लोडच्या एका ड्रॉइंग मास्तरशी तिला लग्न करायचं होतं, आणि खाला नाही म्हणत होत्या. मला हे कळलं ते नायिकेच्या मावशीने नायकाला घराबाहेर काढलं त्या दिवशी.

"बरोबर केलं," खाला म्हणाल्या.

आतून शमीम बोलली, "किताब में तो इतना हसते हो, खाला."

अडकित्ता थांबला. "किताबातल्या मावशीला उद्या दुसऱ्याच्या दारात लग्नाचा पैगाम घेऊन जायचं नसतं, बेटा. लोक म्हणतील, हिला घरची पोर सांभाळता आली नाय. मग माझ्यावर भरोसा कोण ठेवणार?"

त्या संध्याकाळी पुढे वाचणं झालं नाही. मग परीक्षा आली. कादंबरी संपली, नायक-नायिकेचं लग्न झालं, पण शेवटी खाला हसल्या नाहीत. "हौ, चांगलं झालं," एवढंच म्हणाल्या. मी गावी परतलो.

बऱ्याच दिवसांनी पिशोरच्या बाजारात सिल्लोडचा एक कापडवाला भेटला. मास्तरच्या घराशेजारीच राहणारा. पुढचं त्याच्याकडून कळलं. मुसलमानांत पैगाम मुलाकडून येतो, मुलीकडचं कुणी आपण होऊन जात नाही. पण खाला स्वतः बसने सिल्लोडला गेल्या. मास्तरच्या आईने मशाताला ओळखलं आणि विचारलं, "कुणाच्या घरचा पैगाम आणलात?"

खाला दारातच उभ्या होत्या म्हणे. तिथूनच म्हणाल्या, "आज मशाता नाय आली. पोरीची खाला आलीय."

"मग बाहेर का उभ्या?" मास्तरच्या आईने पडदा बाजूला केला. "आत या."