बसल्याची खूण

मी कनेक्टर आखते. दोन वायरी जिथे एकमेकींना भेटतात तो प्लास्टिकचा तुकडा, त्याच्या आतल्या पिना आणि तो सुटू नये म्हणून बसवलेली छोटी खीळ. हे सांगितलं की समोरचा माणूस म्हणतो, "एवढ्याला इंजिनिअर लागतो?" पूर्वी मला राग यायचा. आता मी "लागतो" म्हणते आणि विषय बदलते.

आमचा कारखाना पेडण्याकडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. एका बाजूला फायबरचे जोड होतात. तिथे केसाएवढ्या काचेच्या तारेवर धुळीचा एक कण बसला तरी उजेड अडतो, म्हणून तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असतात. मी दुसऱ्या बाजूला, विजेच्या जोडांवर. डिचोलीजवळच्या आमच्या सर्वण गावाहून स्कूटरने तास लागतो.

हे काम कॉलेजने शिकवलं असं माझ्या प्रमाणपत्रावर आहे. खरं तर ते बाबांनी शिकवलं. बाबा खाणीवर इलेक्ट्रिशियन होते. खाणीच्या तळाशी पाणी उपसणारे पंप, त्यांच्या मनगटाएवढ्या जाड केबली, आणि ते जोड सांभाळणं हे त्यांचं काम. तिथे एक नियम होता. जोडणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने "झालं" म्हणायचं नाही. त्याने विचारायचं, "बसलें रे?" दुसऱ्याने वाकून, डोळ्यांनी बघून उत्तर द्यायचं. मशीनच्या आवाजात शब्द ऐकू जात नसत, म्हणून उत्तर म्हणजे हात सरळ डोक्यावर. तो हात दिसल्याशिवाय कोणी बटण दाबत नसे. आणि म्हणूनच जोडाजवळ उभं असताना कोणालाही उगाच हात दाखवायला बंदी होती. ओळखीचा दिसला तर तोंडाने राम राम करायचा. लहानपणी मी घरापुढच्या सोप्यावरून त्यांना हात हलवला तर ते रागवायचे, "हात उगीच वयर करूं नये गो, कोणाचो तरी जीव आसता ताचेर." मला वाटायचं, बाबा अतीच करतात.

खाण बंद पडली आणि बाबा घरी आले. येताना छातीत तांबडी धूळ आणि कानांत दडे घेऊन आले. पाव विकणारा पोदेर दारात उभा राहून भोंगा वाजवायचा, तो त्यांना ऐकू यायचा नाही. उंडे घ्यायला आईच धावायची. पुढे पुढे अंगणातून सोप्यावर येतानाच दम लागायला लागला. मग घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडणारं, दिवसभर घुरघुरणारं. भिंतीच्या विजेवर चालायचं, आणि सोप्यावर नेलं की बॅटरीवर. बॅटरी आणि मशीन यांच्यामधला कनेक्टर आमच्या कारखान्याचा होता. माझा होता.

तो कनेक्टर मी बाबांच्या हातांवर बेतला, हे सांगितलंच पाहिजे. पहिला नमुना घरी आणला तेव्हा त्यांच्याने तो बसवला जाईना. बोटं थरथरायची, नखं निळी पडायची. ज्या माणसाने मनगटाएवढे जोड आवळले तो अंगठ्याएवढ्या प्लास्टिकशी झगडत होता, आणि मी बघत होते. मी आतली स्प्रिंग नरम केली. मग तो अलगद आत जायला लागला. बाबा आल्यागेल्याला दाखवायचे, "हें म्हज्या चेडवान केलां. पळय, एका बोटान बसता." आमच्या विभागातले एक वयस्क गृहस्थ मात्र नमुना हातात घेऊन म्हणाले, "बसला की नाही ते हाताला कळत नाही." मी म्हणाले, "टिक असा आवाज येतो की!" एका बहिऱ्या माणसाची मुलगी हे बोलली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो, अगदी पायाशी.

मला ते कळलं नाही, कारण घरी त्यांचे कान मीच होते. रोज सकाळी आई मागच्या दारी न्हाणीत चुलीला जाळ घालत असायची तेव्हा मी मशीन सोप्यावर ढकलत आणायची. बाबा खुर्चीत बसून कनेक्टर जोडायचे आणि खाणीतल्यासारखंच विचारायचे, "बसलें गो?" मला टिक ऐकू आलेला असायचा. मी त्यांच्या समोर उभी राहून हात डोक्यावर न्यायची. मग ते बटण दाबायचे. मी कितीदा म्हटलं असेल, "बाबा, आता खाण नाही, तुम्हीच बघा आणि दाबा." ते ऐकायचे नाहीत. विचारल्याशिवाय त्यांनी एकदाही बटण दाबलं नाही.

दरम्यान कारखान्यात दोन कनेक्टर परत आले होते. दोन्ही वितळलेले. मी ते उघडून बघितले. पिना अर्ध्याच आत गेलेल्या. असा जोड सुरुवातीला चालतो. मशीन सुरू होतं, दिवा लागतो, सगळं ठीक दिसतं. पण वीज टोकापुरत्याच जागेतून जाते, ती जागा तापते, प्लास्टिक मऊ होतं आणि मग जोड सुटतो. अहवालात कारणाच्या रकान्यात मी दोन्ही वेळा लिहिलं: वापरणाऱ्याने पूर्ण बसवला नाही. ते वापरणारे कोण, किती वयाचे, त्यांना ऐकू येत होतं का, हे मी विचारलं नाही. तसा रकाना नव्हता, आणि मलाही सुचलं नाही.

तो बुधवार होता. डिचोलीचा बाजार बुधवारचा, त्यामुळे त्या दिवशी मी आईला वाटेत सोडायची. मला उशीर झाला होता. बाहेरचे लोक कारखाना बघायला येणार होते आणि आईची पिशवी सापडत नव्हती. मी मशीन सोप्यावर आणलं, वायर बाबांच्या मांडीवर ठेवली आणि निघाले. आई मागे बसली. मी हेल्मेट घातलं, स्कूटर सुरू केली. फाटकापाशी वळताना बघितलं तर बाबांनी जोडलेला कनेक्टर वर धरला होता आणि त्यांचे ओठ हलले. काय विचारत होते ते ऐकायची गरज नव्हती.

मी हात वर केला. सरळ, डोक्यावर. मला टिक ऐकू आला नव्हता. हेल्मेटमध्ये, स्कूटरच्या आवाजात, एवढ्या अंतरावरून तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यांचं बोट बटणाकडे गेलेलं दिसलं आणि मी रस्त्याला लागले.

आई दोन तासांनी परतली तेव्हा मशीन गजर करत होतं. जोड सुटला की ते गजर करतं, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढा मोठा. बाबा त्याच्याशेजारी खुर्चीत होते. डॉक्टर म्हणाले, डोळा लागला असेल, कळलंही नसेल. डॉक्टर भला माणूस, पण त्याचं म्हणणं मला धीर देत नाही.

मशीनवाल्यांनी वायर परत नेली आणि काही दिवसांनी ती माझ्याच टेबलावर आली. प्लास्टिकवर एका जागी तांबड्या मातीचा ठसा होता, आमच्या सोप्यावरचा. वरिष्ठ म्हणाले, "हे दुसऱ्या कोणालातरी देऊ." मी नाही म्हटलं. उघडला. पिना अर्ध्याच. कारणाच्या रकान्यात लिहिलं: बसल्याची खूण फक्त कानाला कळते, हाताला नाही, डोळ्याला नाही, दोष आखणीचा. मग जुने दोन अहवाल काढून तेही दुरुस्त केले. आता नव्या कनेक्टरवर एक लाल पट्टी आहे. पूर्ण बसला की ती झाकली जाते. लाल दिसलं तर बसला नाही. एवढंच करायचं होतं.

अहवाल खरा आहे, पण पुरा नाही. आखणीत दोष होता, तरी त्या सकाळी बाबांनी विचारलं होतं. त्यांनी त्यांचा नियम पाळला. खोटं उत्तर मी दिलं. हे मी कुठेही लिहिलं नव्हतं, कोणाला सांगितलं नव्हतं.

अजूनही कोणी भेटायला आलं की आई त्यांना सोप्यावर बसवते आणि तीच गोष्ट सांगते. मी चहा घेऊन येते तोवर ती शेवटाला आलेली असते. "हांव फाटल्यान बसलेलें, म्हज्या दोळ्यांनी पळयलां. कामाक वतना हिणें हात वयर करून बापायचो निरोप घेतलो. तितलें तरी सूख तांकां मेळ्ळें." येणारी माणसं माझ्याकडे मायेने बघतात. मी कप पुढे करते.

खाणीतला नियम आईला ठाऊक नाही. बाबांनी तो फक्त मला शिकवला होता.